'जागा नाही' आणि 'जागा निघत नाहीत': वाचक-सर्वेक्षणाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

फॉर्म आले एकदाचे. पाच सार्वजनिक ग्रंथालयं, ४१२ फॉर्म. सगळी सातारा-सांगली पट्ट्यातली, १९६७च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेली. 'अ' वर्गातलं तालुक्याचं मोठं ग्रंथालय एक, मग ब आणि क, आणि शेवटचं 'ड' वर्गातलं, एका खोलीत मावणारं गावचं वाचनालय. फॉर्मांची वाटणी १५८, १०४, ७२, ५०, २८.

पहिले तेरा प्रश्न खुणा करायचे. त्यांचे तक्ते दोन दिवसांत होतील. चौदावा उघडा प्रश्न आहे, 'आपल्या ग्रंथालयात काय बदलायला हवं?', आणि खाली तीन रेघा. कोणी त्यात दोन शब्द लिहिलेत, कोणी फॉर्म उलटून मागचं कोरं पान भरलंय. सरांनी कामाच्या आखणीत या प्रश्नाला 'अर्धा दिवस' दिलाय. तारीख टाकून लिहून ठेवते, नंतर दाखवायला.

टाइप करून आलेली सीएसव्ही फाईल (साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामांनी वेगळे) सवयीने डबल-क्लिक करून उघडली आणि पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. माझीच चूक. एक्सेलच्या डेटा मेनूतून मजकूर म्हणून आणली, ६५००१ यूटीएफ-८ निवडलं, मराठी सरळ झालं. एका ग्रंथालयाचं टायपिंग मात्र युनिकोड (सगळ्या संगणकांवर प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक) येण्याआधीच्या फॉन्टातलं होतं, ते कशानेच सरळ होईना. ते ५० फॉर्म मी आणि माझ्या सहकारी मुलीने हाताने पुन्हा टाइप केले. तिने बोलीत एका अक्षराचाही बदल केला नाही, हे बरं झालं. 'बसाय जागा न्हाई' हे 'बसण्यास जागा नाही' करून टाकायचा मोह टायपिस्टला फार होतो.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज फक्त रिकामी उत्तरं. पूर्ण कोरे किंवा आडवी रेघ मारलेले ४७. 'काही नाही', 'सगळं ठीक', 'नाही' असं लिहिलेले ३३.

या दोन ढिगांची सरमिसळ करायची नाही, यावर सहकारीशी बराच वाद झाला. तिचं म्हणणं, दोघांनीही काही सुचवलेलं नाही, मग वेगळे कशाला? माझं म्हणणं, ज्याने पेन उचलून 'काही नको, सगळं ठीक' लिहिलं, त्याने उत्तर दिलंय. कोऱ्याने दिलेलं नाही. शेवटी ठरलं: ३३ जणांना कोड (म्हणजे एकाच आशयाच्या उत्तरांना द्यायचा क्रमांक) ९८, 'बदल नको', ४७ जण या प्रश्नापुरते हिशेबाबाहेर. म्हणजे उत्तर देणारे ३६५. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवलाय, मोठ्या अक्षरात. तो कोणी पुसायचा नाही, चहाचा हिशेब करायला सुद्धा.

शनिवार, ९ ऑगस्ट

कोडसूचीचा पहिला मसुदा. शंभर उत्तरं कागदावर छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन वाचत बसले. पडद्यावर वाचलं की डोळा पुढे पळतो.

सरांनी सुचवलं होतं की आधी शब्दांवरून आपोआप वाटणी करून घ्या, उरलेलं हाताने करा. करून पाहिलं. 'जागा' हा शब्द शोधला, शंभरातल्या ४१ उत्तरांत सापडला. वाटलं, पहिला कोड मिळाला, 'अभ्यासिकेत जागा अपुरी'. मग ती ४१ वाचली. त्यातली सहा अशी: 'जागाच निघत नाहीत, म्हणून यायचं सोडलं.' 'जागा निघाल्या की सांगायला फलक लावा.' ही स्पर्धा परीक्षेची मुलं. त्यांची जागा म्हणजे खुर्ची नव्हे, नोकरी. खुर्ची नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांत यांना मोजलं असतं, तर ग्रंथालयाने बाकं वाढवली असती आणि या सहा जणांना त्याचा काडीचा उपयोग झाला नसता.

'वेळ'चं तर विचारू नका. 'वेळ मिळत नाही' हा वाचकाचा स्वतःचा प्रश्न. 'वेळ सोयीची नाही, सहाला बंद होतं' हा ग्रंथालयाचा. 'मागितलेलं पुस्तक वेळेवर मिळत नाही' हा देवघेवीचा. तीन वेगळे कोड, शब्द एकच. शोधयंत्राने तर 'वेळोवेळी'सुद्धा यात आणून टाकलं.

शब्दांवरची आपोआप वाटणी बंद केली. हाताने वाचायचं. सरांना कळवलं, ते 'हं' म्हणाले.

मंगळवार, १२ ऑगस्ट

'पेपर कमी आहेत.' एवढंच उत्तर, तीन फॉर्मांवर. वर्तमानपत्रं कमी, की सरावाच्या प्रश्नपत्रिका? फॉर्मवरचं वय पाहिलं: दोघं विशीतले, एक साठीच्या पुढचे. आजोबांचा पेपर म्हणजे वर्तमानपत्र हे मी छातीठोकपणे सांगू शकते. मुलांचं नाही.

ग्रंथपालांना विचारावं म्हणून फोन केले, एकानेही उचलला नाही. मग लक्षात आलं, आज १२ ऑगस्ट, डॉ. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. सगळे हारतुऱ्यांत.

संध्याकाळी एका ग्रंथपाल काकांचा फोन आला. म्हणाले, "आमच्याकडं पेपर आठ येतात, पण सकाळी दहाला पुरवणी गायब असते. पोरांचे प्रश्नसंच मात्र कपाटात कुलपात." म्हणजे दोन्ही अर्थ खरे असू शकतात. नियम ठरवला: उत्तरात दुसरा आधार नसेल तर अंदाजाने कोड द्यायचा नाही, 'संदिग्ध' असा वेगळा कोड द्यायचा. वयावरून अर्थ काढायचा नाही, आजोबांच्या बाबतीतही नाही. कारण नंतर हेच कोड आपण वयोगटानुसार मोडून पाहणार आहोत. वय बघून कोड दिला तर तक्ता आपलाच अंदाज आपल्याला परत सांगेल.

गुरुवार, १४ ऑगस्ट

कोडसूची ठरली, २२ कोड, शिवाय इतर, बदल नको आणि संदिग्ध. आता दोघींचं वाचन जुळतं का ते पाहायचं. ६० उत्तरं दोघींनी वेगवेगळी, एकमेकींना न विचारता कोड केली.

'अभ्यासिकेत जागा अपुरी': दोघींनी दिला १८ वेळा, फक्त मी ३, फक्त तिने २, दोघींनी नाही ३७. जुळणी ६० पैकी ५५, म्हणजे ९२ टक्के.

'चपला-सायकल सुरक्षित नाही': दोघींनी २, फक्त मी १, फक्त तिने २, दोघींनी नाही ५५. जुळणी ५७, म्हणजे ९५ टक्के.

वरवर पाहिलं तर चपलांचा कोड जास्त पक्का. पण या ९५ मधला मोठा भाग दोघींनीही कोड न देण्याचा आहे. जो कोड क्वचित लागतो, त्यात डोळे मिटून 'नाही' म्हटलं तरी बहुतेक वेळा जुळतंच. म्हणून कोहेन यांचा 'कप्पा' (ग्रीक अक्षराचं नाव, कपाटाचा खण नव्हे) काढायचा; १९६०चं हे जुनं माप, योगायोगाने होणारी जुळणी वजा करून उरलेली मोजणारं. जागेसाठी योगायोगाची जुळणी ०.५५ येते, कप्पा ०.८१. चपलांसाठी योगायोगाचीच ०.८९, कप्पा ०.५५. उलटं चित्र!

मग जिथे फाटलं ती तीन उत्तरं समोर ठेवली. 'सायकल रस्त्यावर लावावी लागते.' तिने चोरीच्या भीतीत टाकलं, मी वाहनतळात. दोघींचंही बरोबर, कारण कोडाचं नावच ढिलं होतं. 'चपला-सायकल' हे जोडनाव माझंच. फोडलं: 'चपला चोरीला जातात' वेगळा, 'वाहन लावायला जागा' वेगळा. (आणि या दुसऱ्यात पुन्हा 'जागा' आलीच.)

गुरुवार, २१ ऑगस्ट

सगळी ३६५ उत्तरं कोड झाली. फाईलची ठेवण: एका फॉर्मची एक ओळ, पुढे कोड १ ते कोड ५ असे पाच कॉलम. एकाच माणसाने सहा गोष्टी लिहिल्या होत्या, पण त्यातली एक 'सगळं बदला' अशी होती, म्हणून पाच पुरले.

रिपोर्ट पॉवर बीआय या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचाय. तिथे पाच कॉलमवर पाच आलेख काढून उपयोग नाही. 'पहिलं म्हटलेलं' आणि 'तिसरं म्हटलेलं' यात आपल्याला रस नाही. त्यातल्याच पॉवर क्वेरीत (तक्ते नीट करायची सोय) पाचही कॉलम निवडून अनपिव्होट केलं, म्हणजे आडवे कोड उभे झाले: एक उल्लेख, एक ओळ.

ओळी यायला हव्या होत्या सहाशेच्या आसपास. आल्या २,०६०. आलेखात सर्वांत उंच पट्टी १,४३९ ची, आणि तिला नावच नाही.

पंधरा मिनिटं डोकं खाजवलं. अनपिव्होट करताना रिकाम्या चौकटी आपोआप गळतात हे मला माहीत होतं, आणि ते खरंही आहे, पण 'नल', म्हणजे खरोखर काहीच नसलेल्या, असतील तरच. '०७' मधलं शून्य उडू नये म्हणून मी कोड मजकूर या प्रकारात ठेवले होते, आणि सीएसव्हीतून आलेली मजकुराची रिकामी चौकट 'नल' नसते, ती शून्य लांबीचा मजकूर असते. ४१२ गुणिले ५ बरोबर २,०६०. रिकाम्या मजकुराच्या जागी नल भरून पुन्हा केलं, ६२१. सात फॉर्मांवर तोच कोड दोनदा पडलेला, ते जादा काढले. उरल्या ६१४. माणसं ३६५.

सोमवार, २५ ऑगस्ट

एकाच नावाच्या दोन पट्ट्या. 'कर्मचाऱ्यांची वागणूक' २३, आणि चार ओळी खाली पुन्हा 'कर्मचाऱ्यांची वागणूक' १८. डोळे चोळून पाहिलं, अक्षरन् अक्षर तेच.

पहिले दीडशे फॉर्म मी माझ्या फाईलवर कोड केले, पुढचे तिने तिच्या. दोघींनी क्रमांकाशेजारी कोडाचं नावही टाइप केलं होतं, आणि मी आळसाने रिपोर्टमध्ये नावाचाच कॉलम ओढला. माझा कीबोर्ड ऱ्या लिहिताना मराठीचा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतो. तिचा साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो. दिसायला एक, संगणकाला दोन. 'ॲपवर पुस्तकांची यादी' या कोडाचंही तेच झालं: एका ठिकाणी ॲ हे २००८ साली युनिकोडमध्ये आलेलं सलग अक्षर, दुसऱ्या ठिकाणी 'अ' वर वेगळा चंद्र. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (समान अक्षरं एका रूपात आणणं) चालवूनही या जोड्या एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी त्या समान नाहीतच.

औषध सोपं, आधीच करायला हवं होतं. नावं फक्त कोडसूचीच्या तक्त्यात, एका क्रमांकाला एकच. उल्लेखांच्या तक्त्यात निव्वळ क्रमांक. कोडसूचीत अनुक्रमाचाही कॉलम घातला, नाहीतर वर्णमालेप्रमाणे 'इतर' वरच्या पट्ट्यांत येऊन बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं हेही मुख्य.

आज आणखी एक पान जोडलं, ते मला फार आवडलं. कोणत्याही पट्टीवर उजवं क्लिक करून पुढे गेलं की त्या कोडाची मूळ उत्तरं जशीच्या तशी दिसतात. 'लाईट लावत्यात पर बटण कुठंय कुणाला ठावं न्हाई.' हे कोणत्याही टक्क्यात मावत नाही. पानावर ग्रंथालयाचं नाव निवडायची सोयही ठेवली.

परवा गणपती. फाईलची प्रत दोन ठिकाणी ठेवून बंद केलं.

सोमवार, ८ सप्टेंबर

गणपती गेले, मोदक संपले, काम जिथे होतं तिथेच.

सुट्टीत सहकारीने घरून रिपोर्ट उघडून 'थोडं नीट केलं'. आज उघडला तर प्रत्येक पट्टी १०० टक्के. जागा अपुरी १०० टक्के, चपला १०० टक्के, बदल नको तेही १०० टक्के. गावकऱ्यांचं इतकं एकमत मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

तिने उत्तरदाते (एका फॉर्मची एक ओळ) आणि उल्लेख (एका उल्लेखाची एक ओळ) या दोन तक्त्यांमधला संबंध 'दोन्ही दिशांनी' करून ठेवला होता, कारण दुसरीकडे एक गाळणी चालत नव्हती. पण मग 'चपला' या पट्टीपाशी भाजकसुद्धा गाळला जातो: चपला म्हणणारी माणसं भागिले चपला म्हणणारी माणसं. संबंध पुन्हा एका दिशेचा केला, उत्तरदात्यांकडून उल्लेखांकडे. अंशात उल्लेखांच्या तक्त्यातले वेगवेगळे फॉर्म क्रमांक मोजायचे, छेदात उत्तरदात्यांच्या तक्त्यातले उत्तर दिलेले. आता वय किंवा ग्रंथालय निवडलं की छेद बदलतो, कोड निवडला की नाही. तसंच हवं.

तिला बोलले नाही. कारण दुपारी माझाच घोळ सापडला. सरांना गेल्या महिन्यात पाठवलेल्या टिपणात मी लिहिलं होतं, 'जागेची तक्रार २० टक्के'. जागा म्हणणारी माणसं १२४. १२४ भागिले ६१४ उल्लेख, २० टक्के. १२४ भागिले ४१२ फॉर्म, ३० टक्के. १२४ भागिले उत्तर देणारे ३६५, ३४ टक्के. तिन्ही भागाकार बरोबर. पण ग्रंथालयाला कळायला हवं की बोललेल्यांपैकी दर तिसरा माणूस जागेबद्दल बोलला. आणि मी पाचातला एक सांगून मोकळी झाले होते. सॉफ्टवेअर आपणहून देतं तो '२०' वालाच, कारण त्याला ओळी दिसतात, माणसं दिसत नाहीत. सुधारित टिपण पाठवलं. प्रत्येक आलेखाखाली आता ओळ आहे: 'पाया: प्रश्नाला उत्तर देणारे ३६५ वाचक. एका वाचकाने अनेक गोष्टी सांगितल्याने बेरीज १०० पेक्षा जास्त.'

गुरुवार, ११ सप्टेंबर

सरांना पुस्तकांबद्दलचे सगळे कोड एकत्र हवेत. नवी पुस्तकं नाहीत ७१, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं जुन्या आवृत्तीची ८८, लहान मुलांची पुस्तकं कमी ३९. बेरीज १९८, म्हणजे ५४ टक्के. 'निम्म्याहून अधिक' असा मथळाही त्यांनी मनात तयार ठेवलेला. पण ज्याने नवी पुस्तकं आणि मुलांची पुस्तकं दोन्ही लिहिलं, तो दोनदा मोजला गेला. वेगळी माणसं मोजली तर १५७, ४३ टक्के. गटाचा आकडा कोडांची बेरीज करून काढायचा नाही, माणसं नव्याने मोजायची. मथळा गेला.

ग्रंथालयाच्या सभासदसंख्येप्रमाणे प्रत्येक उत्तराला कमी-जास्त महत्त्व द्यायचं, त्या वजनाचंही असंच. वजन उल्लेखांच्या तक्त्यात उतरवलं तर एकेका कोडाला अंश बरोबरच येतो, म्हणून चूक लपते. गटापाशी आलं की तीन गोष्टी बोलणाऱ्याचं वजन तीनदा. वजन उत्तरदात्यांपाशीच ठेवलं.

'ड' वर्गाच्या वाचनालयाचे २८ फॉर्म, उत्तरं २५. त्यातल्या ११ जणांनी लिहिलंय, संध्याकाळी वीज नसते. ४४ टक्के छापायचे नाहीत, '२५ पैकी ११' छापायचं. एक माणूस इकडचा तिकडे झाला की चार टक्के हलतात.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज पाचही ग्रंथालयांच्या लोकांपुढे सादरीकरण. आकड्यांवर कोणी फार बोललं नाही. मूळ उत्तरांचं पान उघडलं आणि सगळे पुढे सरकले. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. एका विश्वस्तांनी माउस मागून घेतला, आपलं गाव निवडलं, 'कर्मचाऱ्यांची वागणूक'वर गेले. दोनच उत्तरं. दुसरं त्यांनी मोठ्याने वाचलं, "दुपारी आलं की ग्रंथपाल झोपलेले असतात, आम्हा बायांना दार वाजवायची लाज वाटते." मग खोलीकडे बघून म्हणाले, "दुपारी येणाऱ्या बाया आमच्याकडं दोनच हायत." ग्रंथपाल काका तिथेच बसलेले, पेपरबद्दल फोन केला होता तेच.

मी पान बंद केलं. फॉर्मवर आम्ही छापलं होतं, 'आपलं नाव कोणालाही कळणार नाही'. नाव कळलं नाही, हे खरं.

संध्याकाळी फाईल परत उघडली. ग्रंथालयाची निवड त्या पानावरून नुसती लपवून चालणार नाही, तक्ता आत असेल तर कोणीही निर्यात करून पाहील. मूळ उत्तरांचा स्वतंत्र तक्ता केला, त्यात कोड आणि मजकूर एवढंच. फॉर्म क्रमांक नाही, गाव नाही, वय नाही, उत्तरदात्यांशी संबंध नाही. 'ड' वर्गाची २५ उत्तरं त्यातून पूर्ण काढली. उरलेली ३४० आता पुन्हा एकदा वाचायची, कोडासाठी नाही, कोण बोलतंय ते ओळखू येतं का यासाठी. आज ६२ झाली. सहकारी उरलेली उद्या करते म्हणाली. आधी वाटलेली फाईल परत मागवायचा मेल पाचही ठिकाणी गेला, दोघांचं उत्तर आलंय.